वस्तीतली १३-१४ वर्षांची पोरं कोयत्याच्या नादाला लागलीयत, मंडळाने नेमकं काय करावं?

हडपसरचा_कार्यकर्ता:
नमस्कार मंडळी, पुण्यात हडपसरकडच्या एका वस्तीत राहतो, गणपती मंडळाचं काम बघतो. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या नववीतल्या पोराचा वाढदिवस झाला, गाडीच्या सीटवर केक ठेवून कोयत्याने कापला आणि व्हिडिओ स्टेटसला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, चार पोरं नेली, संध्याकाळी आईबापाच्या ताब्यात दिली. आता झालंय काय, की तेच पोरगं गल्लीत भाई झालंय, सहावी-सातवीतली पोरं त्याच्या मागं फिरतात. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते, रात्री नऊला घरी येते, माझ्यासमोर रडली बिचारी, म्हणाली दादा तुम्हीच काहीतरी करा.

शाळेत पोलिसांचा जनजागृतीचा कार्यक्रम झाला. चाळीस मिनिटं, नशा, सायबर, मुलींच्या सुरक्षेचं दामिनी पथक, मदतीचा ११२ नंबर सगळं सांगितलं, वाईट नव्हता हो, पण आमची पोरं मागच्या बाकावर बसून मोबाईल बघत होती. मंडळाकडे वर्गणीतले साठेक हजार शिल्लक आहेत. बाकीच्यांचं म्हणणं सीसीटीव्ही लावू, मला वाटतं पोरांसाठी काहीतरी करावं. कुणी प्रत्यक्ष केलंय का असं काम?

निवृत्त_हवालदार:
दादा, मी ८६ ला पोलीस खात्यात लागलो आणि सुरुवातीची वर्षं भिवंडीत गेली. भिवंडी म्हणजे १९७० आणि १९८४ ची दंगल, नाव काढलं तरी लोक घाबरायचे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे साहेब डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. शांतता कमिटी त्याआधीपण असायची, पण तिच्यात पुढारीच, तणाव झाला की मीटिंग, चहा, फोटो, संपलं. साहेबांनी हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजातली साधी माणसं घेतली, आणि काही झालेलं नसतानाही बैठका चालू ठेवल्या. भांडण नळाचं असो की पोरांचं, तिथेच बसून मिटवायचं. डिसेंबर ९२ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला कमिट्या झाल्या, मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले रिबेरो साहेब, साहनी साहेब त्यात होते, पोरांसाठी क्रिकेटचे सामने भरवायचे.

त्यातून मी एकच शिकलो की चेहरा तोच पाहिजे. आज एक साहेब भाषण करून गेला, उद्या दुसरा आला, तर पोरं कुणालाच आपलं मानत नाहीत. तुमच्या बीटच्या हवालदाराला विनंती करा, आठवड्यातून एकदा साध्या कपड्यात यायचं, अर्धा तास कॅरम खेळायचा, भाषण अजिबात नको. पोरगं बिघडायला लागलंय हे त्याला दोन महिने आधी कळेल. सीसीटीव्हीत घटना झाल्यावर दिसतं.

दुकानदार_कात्रज:
माफ करा पण मला हे पटत नाही. माझ्या दुकानासमोर दोनदा गाड्या फोडल्यात पोरांनी. अल्पवयीन आहे म्हणून सुटतो हे त्यांना पाठ झालंय, आणि मोठे गुंड मुद्दाम त्यांनाच पुढे करतात. कॅरम खेळून काय होणार, ज्याची गाडी फुटली त्याला विचारा ना. आधी धाक पाहिजे.

बालगृहवाली_ताई:
दादा तुमचा राग खरा आहे, गाडीचे हप्ते तुम्हीच भरता. पण मी बारा वर्षं निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसोबत काम करतेय म्हणून थोडं सांगते. मुलं सुटतात असं सरसकट नाही. १६ ते १८ वयातल्या मुलाने खुनासारखा गंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ त्याची तपासणी करून प्रौढांसारखा खटला चालवायला पाठवू शकतं, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. आणि मोठी माणसं पोरांना पुढे करतात ना, त्याच कायद्यात कलम ८३ आहे, मुलांचा गुन्ह्यासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. तुमच्या गाड्या फोडल्या तेव्हा पोरांच्या मागे कोण होतं हे कुणी विचारलं का? तक्रार देताना तेवढं आवर्जून लिहा.

हडपसरच्या दादांसाठी, प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, त्यांना नावाने शोधून भेटा. आणि त्या नववीतल्या मुलाचा फोटो, नाव ग्रुपवर टाकू नका, ते कायद्यानेही चालत नाही, आणि "सुधारलेला मुलगा" म्हणून गणपतीत स्टेजवर सत्कार तर बिलकुल नको. आमच्याकडच्या एका मुलाचा एका कार्यक्रमात असाच सत्कार केला होता, हार घातला, माईकवर काय काय केलं होतं ते सगळं सांगितलं, पोरगं खाली मान घालून उभं. दुसऱ्या दिवसापासून कामाला गेलंच नाही, कारण मालकाला आत्ताच कळलं होतं.

अजून एक, वेळ. आई नऊला येते म्हणालात ना, म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ घर रिकामं. जे काय कराल ते त्या तीन तासात करा, रविवारी सकाळचं शिबिर काही उपयोगाचं नाही.

कबड्डी_२२:
मी कधी लिहित नाही इथे पण हे वाचून राहवलं नाही. मी पंधरा वर्षांचा असताना असाच फिरायचो, कोयता कमरेला लावून. मारायचं नव्हतं कुणाला, खरं सांगतो भीती वाटायची, दुसऱ्या गल्लीतली पोरं एकटं गाठून मारायची, म्हणून जवळ ठेवायचो आणि मग ठेवलं की दाखवावंसं वाटायचं. आमच्या इथं एक कबड्डीचे सर होते. मैदानावर आलं की सगळ्यांचे फोन तांदळाच्या डब्यात, डबा त्यांच्या मांडीखाली. दोन दिवस गेलो नाही की घरी यायचे, काही बोलायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचे, आईने दिलेला चहा घ्यायचे आणि म्हणायचे उद्या रेडर कमी पडतोय. तोपर्यंत मी कुणालाच कमी पडत नव्हतो. दादा तुमच्या त्या पोराला आधी विचारा की तो कुणाला घाबरतो.

हडपसरचा_कार्यकर्ता:
काल संध्याकाळी त्याच्याशी बोललो. आधी काहीच सांगेना, मग वडापाव खाताना म्हणाला क्लासवरून येताना कॅनॉलवर तिघं जण अडवतात, दिवाळीपासून चालूय. आईला माहीत नाही, शाळेत माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. मला स्वतःला इतकं वाईट वाटलं, रोज समोरून जातो तो माझ्या.

मंडळात रात्री बोललो, वाद झाला, पण ठरलं. सोमवार ते शुक्रवार साडेसहा ते नऊ मंडळाची खोली उघडी, चावी आम्हा तिघांकडे, दोन कॅरम, एक मॅट, दहावीच्या पोरींसाठी बाजूच्या खोलीत अभ्यासाला टेबलं. कॅनॉलच्या रस्त्यावर दोन दिवे लावायला अर्ज करतोय, तोवर मंडळाच्या खर्चाने हॅलोजन लावू. हवालदार काका म्हणतात तसं बीटवाल्यांना उद्या भेटतो. ताई, ते बाल कल्याण अधिकारी सापडले नाहीत तर तुम्हाला मेसेज करतो. आणि क्लासवरून येताना आजपासून मी जातोय त्याला आणायला, पावणेआठला सुटतो.