विजेच्या समोवाराला समोवार म्हणावे का?

तांबट (धागाकर्ता): माझ्या मते म्हणू नये. समोवार हे चहासाठी पाणी उकळण्याचे रशियन भांडे, आणि या नावाचा अर्थ स्वतःच उकळणारा. हे नाव सार्थ करणारी रचना आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाशी मिळतीजुळती आहे: मधोमध उभी नळी, तिच्यात पेटते कोळसे, भोवती पाणी आणि खाली तोटी. रशियातल्या तुला शहरात (हे शहराचेच नाव आहे, सर्वनाम नव्हे!) लिसित्सिन बंधूंचा समोवारांचा कारखाना १७७८ साली उभा राहिला, तो तिथे आधीपासून बंदुका घडवणारे कसबी हात होते म्हणून. नळी, कल्हई आणि न गळणारे सांधे हेच त्या कसबाचे सार होते. नळी काढून तिच्या जागी कॉइल बसवली की उरते ती नक्षीदार इलेक्ट्रिक किटली.

चहाबाज: असहमत. आपण वस्तू पाहता, वापर पाहत नाही. रशियात चहा समोवारात उकळत नाहीत. दाट कोरा चहा, ज्याला तिथे झावार्का म्हणतात, तो वरच्या छोट्या किटलीत मुरतो. प्रत्येकाने तो आपल्या पेल्यात हवा तेवढा ओतून घ्यायचा आणि तोटीचे कढत पाणी घालून पातळ करायचा. त्यामुळे कडक पिणारा आणि फिका पिणारा एकाच टेबलाशी तासन्‌तास बसू शकतात. हे सारे विजेवरही होते, आणि फ्लॅटमध्ये कोळसे पेटवणार कुठे? शिवाय काश्मिरी समोवारात नळी आणि निखारे दोन्ही असतात, पण चहा आतच तयार होऊन चोचीतून ओतला जातो. आपल्या कसोटीला तो उतरतो, तरी रशियन रीत त्यात नाही.

पाणक्या: दोघांनीही चव विसरू नये. पाइनच्या शंकूंवर पेटवलेल्या समोवाराच्या धुराचा वास कॉइलला कुठून येणार?

तांबट: काश्मीरचा मुद्दा मान्य. पण वरची किटली नळीतून येणाऱ्या गरम हवेवर ऊबदार राहते. विजेच्या समोवारात ही हवाच नाही, मग आपला झावार्का निवणार नाही काय?

चहाबाज: त्यासाठी किटलीवर घेरदार झग्याची कापसाची बाहुली बसवतात, आणि ती कोळशाच्या समोवारासोबतही वापरतात.