१०८ च्या कॉलवर यंत्रानेही कान ठेवावा का?

सह्यवाट:
डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये आपत्कालीन कॉल ऐकून 'हृदय बंद पडलंय' हे ओळखणारी प्रणाली तपासली गेली. २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात लाखभर जुन्या कॉलमधल्या अशा ८४ टक्के केस तिने पकडल्या, कॉल घेणाऱ्यांनी ७२.५. आपल्याकडे ती यायलाच हवी. माझ्या वडिलांच्या वेळी मी फोनवर "घोरतायत, झोप लागलीय बहुतेक" असं सांगितलं होतं. ते घोरणं नव्हतं, हृदय बंद पडल्यावर येणारे आचके होते. मला कळलं नाही, पलीकडच्यालाही नाही. छाती दाबायला कुणीच सांगितलं नाही.

मेळघाट_डॉक्टर:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरी माझा विरोध आहे. त्याच अभ्यासात यंत्राचे खोटे इशारेही माणसापेक्षा जास्त होते. आमच्याकडे गाडी चुकीच्या केसला गेली की दुसरी फार लांबून येते. पुढे २०२१ मध्ये चालू कॉलवर चाचणी झाली, तेव्हा पडद्यावर इशारा दिसूनही ओळखण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. शिवाय ते यंत्र डॅनिश ऐकून शिकलेलं. इथे बाई कोरकूत बोलते, नवरा वऱ्हाडीत "जीव घाबरा होऊन रायला" म्हणतो. त्यापेक्षा कॉल घेणाऱ्याकडून दोन प्रश्न घोटून घ्या: हाक मारल्यावर ओ देतात का? श्वास नेहमीसारखा आहे का? दोन्हीला 'नाही' आलं की लगेच छाती दाबायला सांगायचं.

सर्व्हरवाला:
मला धास्ती वेगळीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे नोंदी कागदावर चालल्या. २०२० मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या रुग्णालयाची यंत्रणा अशाच हल्ल्याने बंद पडली, तेव्हा एका बाईंची रुग्णवाहिका ३० किलोमीटरवरच्या वुपरटालला न्यावी लागली. त्या वाचल्या नाहीत. मृत्यू हल्ल्यामुळेच झाला हे तपासात सिद्ध झालं नाही, पण गाडी वळवावी लागली हे खरंच. घाबरलेल्या माणसाचा आवाज, पत्ता, आजार हे सगळं साठणार कुठे, ऐकणार कोण, पुसणार कधी? हे ठरल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

सह्यवाट:
दोन प्रश्न मान्य, उद्यापासून सुरू व्हावेत. पण रात्री तीनला, पाठोपाठ कॉल घेऊन थकलेल्या माणसाच्या हातून तेच निसटतात. तिथे दुसरा कान हवाच.

मेळघाट_डॉक्टर:
मग आधी आमच्या भागातल्या कॉलवर तपासा. सेमाडोहच्या पुढे रेंज गेली की माझा टॅब मुका होतो, म्हणून केसपेपरचं पॅड अजून सीटखाली ठेवतो. यंत्र बंद पडलं तरी कॉल घेणाऱ्याला गाडी पाठवता येते, हे एकदा मुद्दाम बंद करून दाखवा. मग बोलू.