प्रति: रूटशिवाय कंटेनर
रत्नागिरीच्या कॉलेज लॅबमध्ये रूट (अ‍ॅडमिनचे पूर्ण अधिकार) नसताना कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फायलींसकट बांधलेला प्रोग्रॅम, कसा चालवायचा, या प्रश्नावर कुणीतरी रूटलेस पॉडमन (रूटशिवाय कंटेनर चालवणारं साधन) सुचवला. तो चांगलाच, पण एक अट राहून गेली. सबयूआयडी आणि सबजीआयडी या लिनक्सच्या फायलींत तुमच्या नावापुढे कंटेनरमध्ये वापरायच्या यूझर व ग्रुप आयडींचा पट्टा (सहसा ६५५३६ आयडी) हवा, आणि ती नोंद रूटच करू शकतो. नसेल तर इमेज (कंटेनरचा तयार साचा) उलगडतानाच आयडी अपुरे पडल्याची एरर येते. होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) असेल तर नोंद असूनही अडतं.

अशा ठिकाणी अ‍ॅपटेनर हे कंटेनरचं दुसरं साधन बरं. आवृत्ती १.१ पासून ते रूटशिवाय स्वतःच्या होममध्येच बसवता येतो. फक्त कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) यूझर नेमस्पेस, म्हणजे साध्या यूझरला स्वतःपुरते वेगळे आयडी देणारी सोय, चालू हव्यात. उबुंटू २४.०४ वर अ‍ॅपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा त्या अडवते, तिथे अ‍ॅडमिनला गाठावंच लागेल. शिवाय अ‍ॅपटेनरची इमेज म्हणजे एकच फाइल (एसआयएफ प्रकारची). पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातात, म्हणून ती आत्ताच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. अ‍ॅपटेनर असलेल्या बाकीच्या मशीनवर नुसती कॉपी पुरते.