आठ वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओले करतो. नेमके काय तपासावे?

प्रश्न – लालबागची आई
माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. आठवड्यातून चार-पाच रात्री तो अंथरुणात लघवी करतो आणि सलग काही महिने कोरडा राहिला, असे आजवर झालेले नाही. दिवसा कपडे ओले होत नाहीत. चाळीतल्या एकाच खोलीत आम्ही पाच जण शेजारी शेजारी झोपतो, त्यामुळे त्याला लपवायला जागाच नाही, आणि पावसाळ्यात गोधड्या वाळेनाशा झाल्या की घरातले सगळे चिडतात. संडास गॅलरीच्या टोकाला असल्यामुळे तो आळस करतो, असे सासूबाईंचे मत आहे. मात्र यजमानांनाही नऊ वर्षांपर्यंत हाच त्रास होता, असे त्याच सांगतात. डिसेंबरात शाळेचे निवासी शिबिर आहे. हे कशामुळे होते आणि डॉक्टरांना दाखवावे का?

उत्तर १ – बालरोग विभागातील परिचारिका
ताई, हा आळस नाही आणि तो हे मुद्दाम करत नाही, एवढे आधी घरात सर्वांना सांगा. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के आणि सात वर्षांच्या ५ ते १० टक्के मुलांना हा त्रास असतो, त्यात मुलींपेक्षा मुलगे अधिक. मूत्राशय भरले तरी या मुलांना जाग येत नाही. शिवाय काहींमध्ये रात्रीची लघवी कमी करणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पुरेसे वाढत नाही, तर काहींचे मूत्राशय थोड्या लघवीनेच आकुंचन पावते. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असल्यास ७७ टक्के आणि कोणालाच नसल्यास १५ टक्के धरतात. म्हणजे सासूबाईंनी स्वतःच एक मोठे कारण सांगून ठेवले आहे.
त्याला शौचाला खडा होतो का, हेही विचारा. तुंबलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते, आणि या वयाची मुले आपण होऊन ते सांगत नाहीत.

उत्तर २ – भांडुपचे एक पालक
शाळेतून आल्यावर दप्तरातली पाण्याची बाटली उघडून पाहा. माझ्या मुलीची बाटली भरलेलीच परत येत असे, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या ओल्या कडीला हात लावायचीही तिला किळस वाटे. दिवसभर लघवी तुंबवायची आणि संध्याकाळी खेळून आल्यावर घटाघटा पाणी प्यायचे, असा तिचा क्रम होता. आम्ही वर्गशिक्षिकांना भेटलो आणि मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटे आधी तिला सोडण्याची सोय झाली. पाणी तोडू नका. त्यातले बहुतेक पाणी दुपारपर्यंत पोटात जाईल, असे पाहा.

लालबागची आई
बाटली पाहिली, अर्धीही रिकामी नव्हती. खडा होतो, हेही त्याने आज प्रथमच कबूल केले. तो झोपेत घोरतोही. मध्यरात्री उठवून न्यावे का?

उत्तर ३ – एक बालरोगतज्ज्ञ
उठवून नेल्याने त्या रात्रीची गोधडी वाचेल, पण मुलाला स्वतःहून जाग येण्याची सवय त्यातून लागत नाही. घोरण्यामागे वाढलेले टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या भागातल्या गाठी) असू शकतात आणि त्यांचाही या त्रासाशी संबंध असतो, म्हणून ते तपासून घ्या. बद्धकोष्ठावर आधी उपचार व्हावेत. त्यानंतर ओलावा लागताच वाजणारा अलार्म वापरता येतो. सुमारे दोनतृतीयांश मुले त्याने कोरडी राहू लागतात, परंतु दोन-तीन महिने चिकाटी लागते आणि एका खोलीत सगळेच जागे होतील, याची घरच्यांना आधी कल्पना द्या.
शिबिरापुरते डेस्मोप्रेसिन हे रात्रीची लघवी कमी करणारे औषध देता येते, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि आधी घरी देऊन पाहून. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मर्यादित ठेवावे, नाहीतर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. बरोबर जाणाऱ्या शिक्षकांनाही हे सांगून ठेवा.
सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले आणि त्याला खूप तहान लागून वजनही घटत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. लघवीला जळजळ, बारीक धार किंवा पायांत अशक्तपणा असेल, तरीही थांबू नये. आपल्या मुलाबाबत असे काही दिसत नाही, तरी लघवीची साधी तपासणी करून घ्या. परळचे वाडिया बाल रुग्णालय आपल्याला जवळच आहे.