मदत हवी आहे: कॉलेजात वेब डिझाईनवर ४० मिनिटं बोलायचंय, विषय कुठला घेऊ?

मंडळी, नमस्कार. मी सांगलीत वेबसाईट बनवायचं काम करतो. गिऱ्हाईक म्हणजे हळदीचे-बेदाण्याचे व्यापारी, दवाखाने, एक-दोन शाळा. ज्या पॉलिटेक्निकात शिकलो तिथल्या सरांचा परवा फोन आला, "शनिवारी ये आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांना वेब डिझाईनवर काहीतरी सांग." काहीतरी म्हणजे काय, ते मीच ठरवायचं. बुधवारपर्यंत विषय कळवायचाय.

मोबाईलवर नीट बसणारी पानं हा पहिला विचार. पण रिस्पॉन्सिव्ह हा शब्द २०१० पासून चाललाय, ते आता कुणाला नवीन आहे? ग्रिडचंही (पानाची मांडणी आडव्या-उभ्या रकान्यांत करायची पद्धत) तेच. २०१७ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आलं आणि पोरं ते यूट्यूबवर माझ्यापेक्षा चांगलं शिकतात. सरांना एआय हवंय. मी एआय रोज वापरतो, पण त्यावर ४० मिनिटं बोलायचं म्हणजे थापा मारणं होईल.

मनात खरं आहे ते मराठी मजकुराचं डिझाईन. कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याची साईट केली होती. नमुना इंग्रजी मजकुरावर पास झाला, मग मराठी मजकूर आला. इंग्रजीत छान दिसत होतं म्हणून ठेवलेल्या लेटर-स्पेसिंगने, म्हणजे अक्षरांमधल्या वाढीव अंतराने, शिरोरेघेचे तुकडे पडले. ओळींमधलं अंतर कमी, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. व्यापाऱ्याचे वडील निवृत्त मास्तर. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अक्षरांचे दात पडलेत का हो?" त्या रात्री बसून सगळं परत केलं.

भीती एवढीच, की 'मराठी' म्हटलं की पोरांना मराठी दिनाचं भाषण वाटेल आणि मागचे दोन बाक रिकामे होतील. काय करू?

खिळेजुळारी: प्रेसमध्ये आयुष्य गेलंय, म्हणून सांगतो. जुन्या डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या) फॉन्टमधली पत्रिका वेबपानावर चिकटवून दाखवा. रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले होते, फॉन्ट काढला की मुखवटा गळाला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा आहे, क्रमांक ०९०० ते ०९७एफ. आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, हेही जाता जाता सांगा. रोज बघतात, नाव कुणाला माहीत नसतं.

भडंगवाला: भावा, स्पष्ट बोलतो, राग मानू नको. पोरांना पुण्यात नोकरी पाहिजे. मुलाखतीत वेलांटी कोण विचारतंय? ग्रिड घे, दोन डेमो दे, चहा पी, घरी जा.

मिरजकर_ताई: भडंगवाला, मुलाखतीत नाही विचारत, पण काम हातात आल्यावर विचारतात. पानाच्या कोडमध्ये भाषा 'ईएन' (इंग्रजी) अशीच राहिलेली असते, तयार साच्यातून आलेली. ती 'एमआर' (मराठी) केली की सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जात नाही. एका शब्दाचा बदल आहे.

बाकी दादा, तुम्ही विषय शोधताय तिथेच गडबड होतेय. एक पान निवडा. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलेलं, वीज नाही, फोनला दहा टक्के चार्ज, आणि घरातला प्रत्येक जण एकच विचारतोय, पाणी किती फूट? ते सांगणारं पान कसं असावं, ते पोरांकडूनच करून घ्या. आधी आकडा की आधी फिरणारी चित्रं? आकडा किती वाजताचा? चढतंय की उतरतंय? इशारा ४० ला, धोका ४५ ला, हे रंगाने दाखवलं तर ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याने काय करायचं? आकडा फोटोत टाकला तर तो वाचून कोण दाखवणार? ब्राउझरमध्येच नेटचा वेग मुद्दाम कमी करता येतो, तो करा आणि सगळ्यांसमोर थांबा. तुमचा मोबाईल, तुमची मराठी, भडंगवाल्यांचं ग्रिड, सगळं त्या एका पानात येतंय.

भडंगवाला: हे चालतंय. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दर तासाला हाच प्रश्न होता.

धागाकर्ता: ताई, दंडवत. सरांना नाव कळवून टाकलं: 'पाणी किती फूट? एका पानाचं डिझाईन'. शिरोरेघेची फजिती पाच मिनिटं, पत्रिकेचा चिवडा पाच मिनिटं, बाकी वेळ पोरं आणि फळा. सरांचा उलट मेसेज, "छान. यात एआय कुठे बसेल का?" बघतो म्हटलंय.

आता एक शेवटची मदत. डेमोसाठी चार-पाच हजारांतला, अडखळत चालणारा जुना अँड्रॉइड हवाय. माझा फोन फार शहाणा आहे. कुणाकडे पडून असेल तर शुक्रवारपर्यंत विश्रामबागेत येऊन घेऊन जातो. काच फुटकी असली तरी चालेल.