उदोमसुकची खोली: सामान हलवायचं की उचलून ठेवायचं? (शनिवारच्या आत ठरवा)

प्रेषक: सचिव
मंगळवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

बँकॉकचा कालचा पाऊस सगळ्यांनीच भोगला. हॉलच्या केअरटेकरने पाठवलेले फोटो सोबत जोडते आहे. आपल्या मंडळाच्या खोलीत उंबऱ्याच्या आत चार बोटं पाणी होतं. अकरापर्यंत ओसरलं, पण खालच्या दोन पेट्या आणि सतरंज्यांचा गठ्ठा भिजला. ढोल टेबलावर होते म्हणून वाचले. अजून मे संपायचा आहे आणि ही अवस्था. शनिवारी कोण येऊ शकेल आणि सामान कुठे न्यायचं, दोन्ही कळवा. मागच्या वेळेसारखं "बघू" नको.

प्रेषक: ग्रंथालय
मंगळवार, रात्री 10.05

खालच्या दोन पेट्या म्हणजे पुस्तकांच्याच ना? निळी असेल तर तिच्यात जुने दिवाळी अंक आहेत, ते आता कुठेही मिळणार नाहीत. उद्याच्या उद्या कुणीतरी पेटी उघडा, शनिवारची वाट बघू नका. उन्हात वाळत घालू नका. पंख्याखाली उभे करून ठेवा आणि पानांच्या मध्ये कागदी टॉवेल घाला. गुळगुळीत कागद चिकटलेला वाळला की पानं मग सुटत नाहीत, फाटतात.

पुस्तकं तळमजल्यावर नकोत हे मी गेल्या वार्षिक सभेत सांगितलं होतं, इतिवृत्तात आहे. ढोल टेबलावर आणि पुस्तकं जमिनीवर, हे कुणी ठरवलं?

प्रेषक: ढोलपथक
मंगळवार, रात्री 11.20

ताई, ते टेबल पथकाच्या वर्गणीतून घेतलेलं आहे आणि पथकाच्याच सामानासाठी आहे. पुस्तकं कुणी मुद्दाम खाली ठेवली नाहीत, महाराष्ट्र दिनानंतर आवरताना जागा उरली तिथे पेट्या गेल्या. ढोल भिजला तर पान उतरतं, पिंपाला गंज चढतो, आणि इथे दुरुस्त करून देणारं कुणी नाही. दोन ताशांची पानं पुण्याहून येणाऱ्यांच्या सामानातून मागवली होती, आठवत असेल.

उद्या सकाळी ऑफिसला जाताना मी पेटी उघडून बघतो. किल्ली माझ्याकडेच आहे.

प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी 6.15

सचिवबाई, सगळंच्या सगळं हलवा. पाचव्या मजल्याच्या खाली काही नको.

मी सांगलीचा. आयर्विन पुलाची पातळी विचारत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे पाणी उंबऱ्याशी आलं की थांबायचं नसतं एवढं कळतं. 2011 साली जे इथे होते त्यांना आठवेल. भूमीबोल आणि सिरिकित, दोन्ही धरणं काठोकाठ. नाखोन सावन बुडालं, अयुथ्याचे कारखाने बुडाले, तरी आम्ही म्हणत होतो की बँकॉक लांब आहे. मग बँकॉकच्या उत्तरेला लागून असलेलं रंगसित. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, 25 ऑक्टोबरला, डॉन मुआंग विमानतळ बंद झाला. मदतकार्याचं सरकारी केंद्र त्याच विमानतळावर होतं, ते दुसरीकडे न्यावं लागलं. लोक उड्डाणपुलांवर गाड्या लावून चालत घरी जात होते, दुकानांतून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या गायब. मंडळाची पहिली भजनी पेटी आणि पखवाज रंगसितला एका सभासदाच्या घरी तळमजल्यावर होते. कित्येक आठवडे पाण्याखाली. मी स्वतः जाऊन पाहिलं, पखवाजाचं खोड फुगून उभं फुटलं होतं.

पुन्हा ते बघायची माझी तयारी नाही.

प्रेषक: फ्रा खानोंगकर
बुधवार, सकाळी 8.50

अण्णा, तुमच्या अनुभवाचा पूर्ण मान ठेवून लिहितो. 2011 चं पाणी आणि परवाचं पाणी वेगळं आहे. ते ध्यानात घेतलं नाही तर आपण आत्ता घाईने सगळं हलवू आणि खऱ्या धोक्याच्या वेळी सामान पुन्हा तिथेच असेल.

तुमचं पाणी नदीचं. पिंग आणि नान नाखोन सावनला मिळून चाओ प्राया होते, तो पूर उत्तरेकडून येतो आणि खाली यायला त्याला आठवडे लागतात. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरची मोठी भरती मिळाली की नदीकाठ धोक्यात. परवाचं पाणी आभाळातलं होतं, नदीचा त्यात काही संबंध नाही. इथल्या गटारांची क्षमता तासाला साधारण 60 मिमी पावसाची धरलेली आहे. त्याहून जोराची सर आली की पाणी सोईत (गल्लीत) थांबणारच. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर, नैसर्गिक उतार नाही. सोईच्या गटारातून मोठ्या रस्त्याच्या पाइपात, तिथून क्लोंगमध्ये (कालव्यात) आणि क्लोंगातून पंपाने नदीत, असा सगळा प्रवास. सेन सेप आणि लात फ्राओ क्लोंगांचं पाणी नदीत टाकायला पाच मीटर व्यासाचा बोगदा आहे, सेकंदाला 60 घनमीटर पाणी नेतो. पण पाणी आधी तिथवर पोचलं पाहिजे. हॉलच्या कोपऱ्यावरची जाळी परवा मी स्वतः पाहिली. खाण्याच्या स्टॉलच्या पिशव्या, बर्फाचे प्लास्टिक कप आणि आंब्याची पानं यांचा थर बसला होता. केअरटेकरने झाडूच्या दांड्याने तो बाजूला केला तसं पाणी गरगरत खाली जायला लागलं आणि अर्ध्या तासात रस्त्याची कड दिसली.

शिवाय शहराची ही पूर्वेकडची बाजू भूजल उपशाने खचलेली. 1977 मध्ये कायदा आला, पुढे उपसा आटोक्यात आला, पण खचलेली जमीन वर येत नाही. म्हणून उदोमसुकला दर पावसाळ्यात पाणी येणार हे धरूनच चाला. ते घोट्यापर्यंत येईल आणि काही तासांत जाईल.

म्हणून माझं म्हणणं असं. पुस्तकं आत्ता हलवा, कारण कागदाला चार बोटंही पुरतात. बाकी सामान लोखंडी रॅकवर कमरेच्या उंचीला. आणि खरी काळजी गणपतीची करा. यंदा अधिक मासामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, आणि सप्टेंबर हा इथला सर्वात पावसाचा महिना. मखर, सतरंज्या, ढोल नेमके तेव्हा खोलीतून आत-बाहेर होणार. विसर्जनानंतर मात्र अण्णा म्हणतात तसं सगळं वर न्या, नोव्हेंबर संपेपर्यंत.

प्रेषक: काकू (ओन नुत)
बुधवार, सकाळी 9.30

आंब्याची पानं म्हणालात ते खरं आहे. आमच्याकडे पावसाळ्याआधी तुरुंगातले कैदी आणून गटारं साफ करून घेतात, बादल्यांनी काळा गाळ काढतात बिचारे. यंदा आमच्या सोईत अजून कुणी फिरकलं नाही. ट्राफी फाँड्यू या तक्रारींच्या ॲपवर फोटो टाकला तर महापालिका दखल घेते. आमच्या कोपऱ्यावरचं फुटलेलं झाकण तसंच बदललं गेलं. हॉलच्या जाळीचा फोटो कुणी टाकला का?

आणि पायाला जखम असेल त्याने त्या पाण्यात उतरू नका. 26 जुलै 2005 ला मी कलिन्याला होते. सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला त्या दिवशी. पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरलं, पण आमच्या चाळीत लेप्टोचे रुग्ण त्यानंतर निघाले. माझा दीर त्यातून कसाबसा वाचला. घरी आलात की आधी साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

प्रेषक: नवीन सभासद (बांग ना)
बुधवार, सकाळी 10.10

फोटोत भिंतीवरचा सॉकेट जमिनीपासून वीतभरच वर दिसतोय आणि त्यात फ्रिजची वायर आहे. कृपया केअरटेकरला सांगा, पाणी आत येताना दिसलं की आधी मेन स्विच बंद करायचा, मगच आत पाऊल टाकायचं.

प्रेषक: ढोलपथक
बुधवार, सकाळी 10.45

बघून आलो. निळी पेटी वरून कोरडी आहे, तळाचा एक थर ओला. तेवढे अंक काढून हॉलच्या स्टेजवर पंख्याखाली उभे केलेत. कागदी टॉवेल संपले. फ्रिजची वायर काढून टाकली. जाळीचा फोटोही टाकला.

रॅक घ्यायला पथकाची ना नाही. ढोल खालच्या फळीवर ठेवू, पुस्तकं वर. पण रॅकचे पैसे मंडळाने द्यावेत.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी 1.15

रॅकला मंजुरी लागेल, तरी मी आगाऊ रक्कम देतो. पावती मात्र मंडळाच्या नावाने घ्या.

पुस्तकांसाठी आमच्या कोंडोत आठव्या मजल्यावरची मीटिंग रूम विचारली. ज्युरिस्टिक ऑफिसने (इमारतीच्या व्यवस्थापनाने) सरळ नाही सांगितलं, सामायिक जागेत कुणाचंच सामान ठेवू देत नाहीत. स्वतःच्या घरात काय ठेवता तो तुमचा प्रश्न, म्हणाले. म्हणजे पेट्या सभासदांच्या घरीच जाणार. आमच्याकडे दोन मावतील.

प्रेषक: ग्रंथालय
बुधवार, दुपारी 1.50

पथकाचे मनापासून आभार, इतक्या लगेच जाऊन आलात.

पेट्या घरोघरी वाटायला माझा विरोध होता, कारण मागे एक पेटी सभासदाच्या घरी गेली आणि ते कुटुंब सिंगापूरला गेलं तशी पुस्तकंही गेली. पण आता दुसरा मार्ग दिसत नाही. नोंदवही मी आणते. कुठल्या घरी कुठली पेटी आणि आत काय, याची सही झाल्याशिवाय पेटी गाडीत चढणार नाही. दिवाळी अंक मी माझ्याकडे नेणार. एकविसाव्या मजल्यावर आहे मी.

प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी 3.05

फ्रा खानोंगकरांचं पटलं. पण "विसर्जनानंतर हलवू" असं मोघम लिहू नका. तारीख घाला आणि माणसांची नावं घाला. 2011 ला आमच्याकडे आठवडे होते, तरी सामान तिथेच राहिलं, कारण कुणी जायचं ते ठरलेलंच नव्हतं. माझं नाव पहिलं लिहा. टेम्पोची व्यवस्था मी करतो.

प्रेषक: सचिव
बुधवार, रात्री 8.30

ठरलं तर मग. शनिवारी सकाळी 9 वाजता हॉलवर. दुपारनंतर सरींचा भरवसा नाही, म्हणून उशीर नको. निघण्याआधी महापालिकेचा पावसाचा रडार बघा, पूर्वेकडे लाल-पिवळं दिसलं तर इथे लगेच लिहा. पुस्तकांच्या पेट्या खजिनदार, काकू आणि ग्रंथालय यांच्याकडे. रॅक शुक्रवारी संध्याकाळी येतील. विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी उरलेलं सगळं अण्णांच्या टेम्पोतून वर जाईल. त्यासाठी अजून तीन नावं हवी आहेत.

प्रेषक: काकू (ओन नुत)
बुधवार, रात्री 8.55

माझ्या मुलाचं नाव घाला. आणि शनिवारी मी कागदी टॉवेल आणते. उदोमसुक स्टेशनवरून कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत, पावणेनऊला जिन्याखाली उभे राहा.