चीनमधील शाओकाओच्या दुकानात काय मागवावे? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

देशपांडे काका (बी-४०३): सर्वांना नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता आणि धाकटे बंधू बीजिंग, जिनान, शीआन असे जाणार आहोत. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन रात्रींच्या जेवणापुढे ‘चायनीज बार्बेक्यू, स्वखर्चाने’ एवढेच लिहिलेले आहे. मी व बंधू मटण-चिकन खातो, मात्र गोमांस आणि डुकराचे मांस आम्हाला वर्ज्य आहे, सौ. पूर्ण शाकाहारी आहेत. अशा दुकानात नेमके काय मागवता येते, हे तिकडे राहून आलेल्यांनी कृपया सांगावे.

मृण्मयी (ए-२०१): काका, शांडोंग प्रांतात वैद्यकीय शिक्षण घेताना आमची रात्रीची पुष्कळ जेवणे याच दुकानांत होत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या पत्रिकेतले बार्बेक्यू म्हणजे बहुधा शाओकाओ. लांबट, अरुंद शेगडीत कोळसा फुललेला असतो आणि तिच्यावर सळईला किंवा बांबूच्या काडीला ओवलेले मांस, भाज्या, टोफू, पावाचे काप, जे मागाल ते भाजून देतात. पहिली मागणी ‘यांगरोउ छ्वान’ची, म्हणजे मेंढीच्या मांसाच्या काड्यांची करावी. वायव्य चीनच्या शिनजियांगमधील उइघुर या मुस्लिम लोकांकडून हा पदार्थ चीनभर पसरला. मसाला म्हणजे मुख्यतः मीठ, लाल तिखट आणि भरपूर जिरे, त्यामुळे आपल्या जिभेला तो परका वाटत नाही. मांसाच्या तुकड्यांमध्ये चरबीचा एखादा तुकडा मुद्दाम ओवलेला असतो. तो नको म्हणू नये, कारण ती चरबी वितळत राहिल्यामुळेच बाकीचे मांस कोरडे पडत नाही. काड्या लहान असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या पाचाच्या किंवा दहाच्या पटीत मागवतात. तुम्ही दोघांनी आधी दहा सांगाव्यात आणि संपत आल्या की पुढची फेरी मागवावी. सगळे एकदम मागवले, तर शेवटच्या काड्यांवरची चरबी ताटातच थिजते आणि मग त्या कोणीच खात नाही. चिकनमध्ये पंख सर्वांत बरे. कोंबडीची कुरकुरीत कूर्चा आणि मेंढीची गुर्दे तिथे आवडीने खातात, पण ते धाडस पहिल्याच रात्री करू नये, असे माझे मत आहे.

इरफानभाई (सी-१०४): देशपांडे साहेब, व्यापाराच्या निमित्ताने मी ग्वांगझोऊच्या मेळ्याला जात असतो आणि शक्यतो ‘छिंगझन’ अशी पाटी असलेल्या मुस्लिम उपाहारगृहांतच जेवतो. त्या पाटीवर बहुतेक वेळा अरबी अक्षरेही असतात. तिथे डुकराचे मांस शिजत नाही, तेव्हा तुमची निम्मी चिंता मिटते; मात्र गोमांस सर्रास असते. म्हणून यांगरोउ म्हणजे मेंढी, जीरोउ म्हणजे कोंबडी, न्यूरोउ म्हणजे गोमांस आणि झूरोउ म्हणजे डुकराचे मांस, हे चार शब्द चिनी लिपीसह मोबाइलमध्ये ठेवावेत आणि मागवताना बोट ठेवून दाखवावेत. उच्चारावर विसंबू नये. उइघुर लोकांच्या दुकानात गरम नान मिळतो, तो आवर्जून मागवावा. यांपैकी काही दुकानांत बिअर देत नाहीत, हे बंधूंच्या कानावर घालावे.

केतकी वहिनी (बी-१०२): पण काकूंनी तिथे नुसते बसून राहायचे का? शेगडीवर शाकाहारी असे काय मिळणार?

मृण्मयी: वहिनी, उलट भाज्यांची यादी पुष्कळ मोठी असते. सगळ्यांत चांगले म्हणजे वांगे: अख्खे भाजून, मधोमध उघडून, त्यात भरपूर लसूण आणि मिरची घालून देतात. काही ठिकाणी त्यावर खिमा पसरतात, तेव्हा आधी विचारावे. चिनी लसणीची पात, कमळकाकडीचे काप, बटाटा, ढोबळी मिरची, मक्याचे कणीस, नाना प्रकारच्या अळिंब्या, टोफूची पातळ पापडी आणि वाफवलेल्या पावाचे म्हणजे मांतोउचे भाजलेले काप, एवढ्यात काकूंचे जेवण नीट होईल. शेगडीवरचे येईपर्यंत ठेचलेली काकडी आणि उकडलेले शेंगदाणे व हिरवे सोयाबीन हे थंड पदार्थ मागवून ठेवावेत.

इरफानभाई: मृण्मयी, यादी बरोबर आहे, परंतु जाळी एकच, तेलाचा कुंचला एकच आणि अळिंबीवर अनेकदा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांपासून केलेला सॉस, हेही सांगायला हवे. ज्यांना मांसाचा स्पर्शही चालत नाही, त्यांना या दुकानात शेगडीवरचे काहीही खाता येणार नाही.

मृण्मयी: मान्य आहे. काकूंचा नियम तितका कडक असेल, तर त्यांनी थंड पदार्थ आणि साधा भात यांवर भागवावे, किंवा आधी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहात जेवून मग सोबतीला यावे. थोडी सूट चालत असेल, तर भाज्या फॉइलमध्ये भाजून द्या आणि ऑयस्टर सॉस घालू नका, असे चिनीत लिहून दाखवावे. ती विनंती कितपत पाळली जाईल, हे दुकानातल्या गर्दीवर अवलंबून असते.

काका, जिनानला जाणारच आहात तर जवळच्या झिबो शहराचा विचार करा. २०२३ च्या वसंतात हे औद्योगिक शहर केवळ शाओकाओमुळे देशभर गाजले आणि जिनानहून तिथे खास ‘बार्बेक्यू’ रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या. तिथली रीत निराळी आहे. अर्धवट भाजलेल्या काड्या टेबलावर येतात आणि प्रत्येक टेबलावरच्या छोट्या शेगडीवर आपण त्या हव्या तितक्या भाजून घ्यायच्या. मग गव्हाच्या पातळ पोळीवर सॉस लावून, त्यात मांस आणि कच्ची कांद्याची पात ठेवून, पोळी मुठीत घट्ट धरून काडी ओढून काढायची. शेगडी आपल्याच हातात असल्यामुळे एक बाजू काकूंसाठी राखता येते. मात्र झिबोत डुकराच्या मांसाच्या काड्या फार चालतात, त्यामुळे इरफानभाईंचे चार शब्द तिथे नक्की लागतील.

निखिल (सी-३०२): मी हाँगकाँगला ‘बार्बेक्यू’ म्हणून जेवलो, तेव्हा काचेमागे टांगलेले बदक आणि डुकराचे लालसर मांस कापून भातावर दिले होते. तिथे शेगडी कुठेच नव्हती.

इरफानभाई: ते सिउ मेइ, दक्षिणेकडचे कँटनी भाजलेले मांस. काका ज्या शहरांत जाणार आहेत, तिथे बार्बेक्यू म्हटले की सहसा काड्याच पुढे येतील. तरीही सहलवाल्याला दुकानाचे नाव आधी विचारून घेणे बरे.

देशपांडे काका: सर्वांचे मनापासून आभार. तिखट आणि पेये यांबद्दल कोणी सांगेल का? आणि पैसे रोख चालतात का?

मृण्मयी: तिखट वरून भुरभुरतात, म्हणून ‘वेइ ला’, म्हणजे अगदी थोडे, असे सांगितले की काम होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर बुडवून खायला दिलेली कोरडी पूड टाळावी; तिच्यात पुष्कळदा शेंगदाण्याचे कूट असते. रोख घेतात, पण सुट्ट्याची अडचण होते. अलिपे किंवा वीचॅट या पैसे देण्याच्या मोबाइल ॲपला इथूनच कार्ड जोडून जावे, कारण अनेक दुकानांत पदार्थही टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करूनच मागवतात. बिअर बहुतेक ठिकाणी असते. ती नको असेल, तर बीजिंगमध्ये बेइबिंगयांग आणि शीआनमध्ये बिंगफंग ही संत्र्याची सोडापेये काचेच्या बाटलीत मिळतात. थंड हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर साधे पाणी मागितल्यावर गरम पाणीच येते.